ब्लाझेनाचा हलका चाप

ब्लाझेना,

तू ओलोमोउत्सला मुलीकडे राहायला गेलीस त्याला वर्ष होत आलं. परवा तुझी मुलगी फोनवर सांगत होती, आई लिफ्टच्या बटणांबद्दल कुरकुर करते, फार जड आहेत म्हणते. त्यांना हात लावू नकोस. तिथे साठ बिऱ्हाडं राहतात, आणि तुझी बटणं हलकी करायची पद्धत मला माहीत आहे. कुणी जिन्यात शिंकलं तरी लिफ्ट निघेल.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. क्लबला यंदा वर्धापनाचं पुस्तक काढायचंय. स्तिबोर म्हणाला, ब्लाझेनाबाईंवर कुणीतरी चार पानं लिहा. कुणीतरी म्हणजे मी, हे सांगायला नको. बाकीचे लिहायला बसले की नुसते गुण आणि तारखा लिहितात. तुला आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलेलं नाही. खालचं वाच. काही चुकलं असेल तर कळव, मी बदलणार नाही. आणि आता इथून पुढं गप्प बस. मीसुद्धा यातली एक बाई आहे, आलोइसची बायको लिबुशे, आणि तीही यात फार बोलत नाही.

*

लिपोव्याच्या नेमबाजी क्लबात कुणाच्या पिस्तुलाचा चाप जड झाला की तो ब्लाझेनाकडे जायचा. चाप काही आपोआप जड होत नाही, माणसाचं बोट म्हातारं होतं. पण हे कुणाला तोंडावर सांगू नये एवढं शहाणपण तिच्याकडे होतं. ती म्हणायची, "बघू या," आणि मागच्या अंगणातल्या कपडे धुवायच्या खोलीत दिवा लावायची. तेच तिचं दुकान होतं. पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती, कारण त्या खोलीचं दार इतकं हलकं केलेलं होतं की समोरून बस गेली तरी ते उघडायचं आणि आत ब्लाझेना बसलेली दिसायची.

पिस्तुलांशी तिचा जन्मापासूनचा काही संबंध नव्हता. शाळा संपल्यासंपल्या ती जिल्ह्याच्या टाइपरायटर दुरुस्ती केंद्रात लागली आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिली. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी बांधायची आणि फिरायचं: नगरपालिका, दूधकेंद्र, सहकारी शेती, पोलीस ठाणं, शाळा. माणसांचे चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, बोटं राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ती दहा पावलं पुढे गेल्यावर थांबून म्हणायची, "ही ना, डाव्या करंगळीनं नुसती गुदगुली करणारी?" सहकारी शेतीच्या कचेरीत एक टंकलेखिका होती, ती पूर्णविराम असा हाणायची की कागदाला भोक पडायचं. तिचं नवऱ्याशी बिनसलंय हे गावाला कळायच्या किती आधी ब्लाझेनाला कळलं होतं. पत्र उजेडासमोर धरलं की पुरे, चाळणी दिसायची. ब्लाझेनानं काय करावं? पूर्णविरामाच्या कळीला जरा जड स्प्रिंग घातली. नवऱ्याचं तिला काही करता येण्यासारखं नव्हतं.

पण जड करणं हा तिचा स्वभाव नव्हे. तिला हलकं करायची खोड. तिचं म्हणणं, कळ दाबावी लागली तर ती कळ कसली; मनात यावं आणि ती खाली जावी. घरी हातात येईल ते तिनं हलकं केलं. फाटकाची खिटी केली, तर शेजारच्या शेळ्या नाकानं ढकलून आत येऊ लागल्या. टपालपेटीचं झाकण केलं, ते वाऱ्यानं दिवसभर टाळ्या वाजवत बसे. उंदराचा सापळा केला, त्यात एकदा माशी मेली. चौकातल्या गुत्तेवाल्यानं स्वयंपाकघराच्या दाराची स्प्रिंग जड जाते म्हणून तिला बोलावलं. दुसऱ्याच दिवशी दार त्याच्याआधी परत आलं आणि सहा ताटं कोबीसकट त्याच्या अंगावर. त्यानंतर तो तिला बिअर फुकट द्यायचा, पण स्वयंपाकघरात येऊ देत नसे.

नवरा होता, इन्द्रिख. त्याच्याबद्दल ती एवढंच सांगायची की माणूस बरा होता, पण कितीही समजावलं तरी दार आपटायचा. तो हृदयाच्या दुखण्यानं गेला. दार नंतर तिनं केलं.

मग कचेऱ्यांत संगणक आले आणि दुरुस्ती केंद्र बंद झालं. निरोपाला साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. ती म्हणाली, घड्याळ नको, स्प्रिंगांचे दोन खण द्या. ते खण तिनं सायकलवरून घरी आणले आणि पुढचे काही महिने त्यांच्याकडे बघत बसली. शेळ्या येत-जात होत्या. टपालपेटी टाळ्या वाजवत होती. ब्लाझेनाला कुणी बोलावत नव्हतं.

पहिला आला तो आलोइस. जिल्ह्याच्या बसवरचा ड्रायव्हर, नुकताच निवृत्त झालेला, क्लबचा जुना गडी. तिच्या खोलीत बसला, परवान्याचा कागद टेबलावर ठेवला, रिकामं पिस्तूल त्याच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाला, "ही एक कळ आहे असं समज. एकच अक्षर आहे, पण जड जातं."

तिनं उघडलं. आत बघून तिला हसू आलं. एवढंसं यंत्र, दोन स्प्रिंगांचं भांडण. एक बोट मागे ढकलते, दुसरी घोड्याला, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीला, पुढे हाणते. टाइपरायटरात असल्या चाळीस असतात. तिनं दोन्ही बदलल्या, पिस्तूल परत दिलं. आलोइसनं रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरून चाप ओढला, आणि मग पुन्हा ओढला.

पुढच्या शनिवारी त्यानं तिला क्लबात नेलं. तिथले पुरुष हसले. टाइपरायटरवाली बाई पिस्तूल काय बघणार, म्हणाले. आलोइस म्हणाला, "माझ्या बसचा क्लच हिनं बघितला असता तर आज माझे गुडघे शाबूत असते. कुणाला हसायचंय त्यानं आधी हे ओढून बघावं." ओढून बघितलं, आणि हसणं थांबलं. वर्षभरात तिनं स्वतःचा परवाना काढला, पिस्तूल घेतलं, आणि क्लबातली एकुलती एक बाई म्हणून शेकोटीजवळची बरी खुर्ची पटकावली. खुर्चीची स्प्रिंगही तिनं बदलली, पण ते असो.

तिची कामाची एक पद्धत होती, ती आमच्या क्लबाबाहेर कुणी ऐकली तर खोटी वाटते. माणूस पिस्तूल घेऊन आला की ती आधी त्याला टाइपरायटरवर बसवायची. एक ओळ मार म्हणायची, काय वाटेल ती. बहुतेक जण जेवायला काय होतं ते मारायचे. स्तिबोर, म्हणजे आमच्या संघाचा कप्तान, पेशानं गुरांचा डॉक्टर, त्यानं शेजारच्या गावाबद्दल मारलं होतं, 'ह्रादेकचे लोक गाढव आहेत.' ब्लाझेना तो कागद खिडकीशी नेऊन बघायची. उजव्या तर्जनीची अक्षरं फिकट आली असतील तर बोटात जोर नाही, चाप हलका करू या. काळी आली असतील तर चापाला दोष नाही. स्तिबोरचा कागद बघून ती म्हणाली होती, "गाढव फिकट आलंय. मनापासून नाही लिहिलंस."

आता त्या शरद ऋतूतली गोष्ट.

मार्टिनच्या सणाला लिपोवा आणि ह्रादेक या दोन गावांचा सामना असतो. गावाबाहेर वीटभट्टीची जुनी खाण आहे, तिथे. दोन्हीकडून पाच-पाच जण, बक्षीस एक सोललेला हंस आणि त्या वर्षीची नवी वाइन. यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे एप्रन. लिपोव्याचा संघ हरो की जिंको, त्यात ज्याचे गुण सगळ्यांत कमी त्याच्या गळ्यात बेडकाचं चित्र असलेला एप्रन पडतो, आणि वर्षभर दर शनिवारी तो शेगडीवर सगळ्यांसाठी सॉसेज भाजतो. म्हणायला वर्षभरच. पण लिपोव्यात एप्रन एकदा गळ्यात पडलेला माणूस पुन्हा रांगेत उभा राहिलेला कुणी बघितला नाही. आधी धुरानं डोळे जातात, मग सराव जातो, मग तो म्हणतो, असू दे, मला भाजायला आवडतं.

आलोइसच्या गोळ्या दोन वर्षं खाली जात होत्या. काळ्या वर्तुळाखाली, पांढऱ्यात, कधी कागदाबाहेर मातीत. स्तिबोर त्याला म्हणाला, "आलोइसकाका, यंदा तुम्ही पाचात आहात, कारण तुम्ही मला लहानपणी बसमध्ये पुढे बसू द्यायचात. पण हे शेवटचं. एप्रन धुऊन इस्त्री करून ठेवलाय."

"चाप जड झालाय," आलोइस म्हणाला. "मी दाखवून घेतो."

त्याच्या आधी त्याची बायको ब्लाझेनाकडे पोचली. लिबुशेनं खसखशीचे कोलाच, म्हणजे भरलेले गोड पाव, नेले होते, आणि ती फार वेळ बसायला आलेली नव्हती.

"त्याला संघात ठेव," ती म्हणाली.

"मी कोण ठेवणार? कप्तान स्तिबोर आहे."

"चाप तुझ्या हातात आहे. ब्लाझेना, तुला सांगते, हा माणूस शनिवारी घरी राहिला की माझं स्वयंपाकघर बसडेपो होतो. सूप साडेबाराला म्हणजे साडेबाराला. बारा एकतीसला तो घड्याळाकडे बघतो, बारा पस्तीसला विचारतो, रस्त्यात काही अडथळा आहे का. एक शनिवार पाऊस होता म्हणून घरी होता, तर डबे क्रमानं लावून ठेवले. शहाजिरं शोधायला मला त्याची परवानगी घ्यावी लागली."

"आणि शेगडीवर उभा राहिला तर? तेव्हाही घराबाहेरच असेल की."

"शेगडीवर तो उभा राहणार नाही. एप्रन दिला की पिस्तूल विकेल आणि घरी येऊन बसेल. मी ओळखते त्याला. तो मानी आहे आणि त्याच्याकडे दुसरं काही नाही."

ब्लाझेनानं कोलाच तोडला. "चाप खरंच जड आहे, की आणखी काही?"

"ते तू बघ. मी शाळेत इतिहास शिकवला, बोटं नाही." आणि लिबुशे उठली.

दुसऱ्या दिवशी आलोइस आला. ब्लाझेनानं त्याला टाइपरायटरपुढं बसवलं. त्यानं नेहमीप्रमाणे वेळापत्रक मारलं: लिपोवा, ह्रादेक, सकाळी सहा, आणि रविवारी नाही. तिनं कागद खिडकीशी नेला. तर्जनीची अक्षरं इतकी काळी की मागून हाताला लागत होती. या बोटानं बैल ढकलता आला असता.

ती पाठमोरीच म्हणाली, "आलोइस, आवाज मोठा वाटतो का रे हल्ली?"

"कसला आवाज?"

"गोळीचा."

"मी जन्मभर डिझेल इंजिनाच्या उरावर बसलो. मला आवाज?" त्याचे कान लाल झाले होते, तिनं बघितलं नाही, पण तिला कळलं. "चाप जड आहे. तू चापाचं बघ."

आपल्याकडे म्हणतातच, नाचता येईना अंगण वाकडं. दुसरा कुणी असता तर ब्लाझेनानं कागद त्याच्या नाकासमोर धरला असता, आणि म्हटलं असतं की बाबा, तू धडाक्याच्या आधीच दचकतोस, हात खाली जातो, गोळी खाली जाते, यात माझी स्प्रिंग काय करणार. पण हा तोच माणूस, ज्यानं शेळ्यांच्या संगतीत बसलेल्या बाईला उठवून क्लबात नेलं होतं. तिनं कागद दुमडून खणात टाकला आणि स्क्रूड्रायव्हर घेतला.

तिचा विचार असा: बहाण्याला जागाच ठेवायची नाही. चाप इतका हलका करायचा की जड म्हणायला तोंड उरणार नाही. मग तो आपोआप स्वतःकडे बघेल. विचार वाईट नव्हता. फक्त तो तिच्या जुन्या खोडीच्या फार जवळचा होता. सामन्याच्या नियमानं चापानं एक किलोचं वजन पेललं पाहिजे. तिनं एक किलोच्या वर केसभर ठेवलं आणि तिथे थांबली. त्यासाठी घोड्याची स्प्रिंगही हलकी करावी लागली, तीही केली. खाणीत जाऊन क्लबची काडतुसं घालून बघितली. सगळी उडाली. आलोइस म्हणाला, "लोणी आहे, लोणी." गोळ्या मात्र होत्या तिथेच, खाली.

"सवय होऊ दे," ब्लाझेना म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही.

सणाच्या दिवशी खाणीत धुकं होतं. हंस झोपडीच्या दाराला लटकवलेला, त्याच्या खाली बाटल्या, त्यांच्या शेजारी घडी घातलेला एप्रन, बेडूक वर. ह्रादेकचा औषधवाला एव्झेन वजन घेऊन टेबलाशी बसला होता. तो आयुष्यभर गोळ्या-चूर्णं तोलत आला, त्यामुळे त्याच्याशी दहा ग्रॅमचीही सलगी चालत नाही. आलोइसचं पिस्तूल आलं. एव्झेननं ते रिकामं आहे हे बघितलं, घोडा मागे ओढला, चापाला वजनाचा आकडा अडकवला आणि सावकाश वर उचललं. वजन टेबलावरून सुटलं, हवेत तरंगलं. घोडा पडला नाही. त्यानं आणखी एकदा उचललं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा एकदा.

"ब्लाझेनाबाई, हे तुमचंच काम," तो म्हणाला. "यापुढे मुंगी बसली तरी बाद करीन."

"मुंगी बसू देऊ नका," ब्लाझेना म्हणाली.

ती कुंपणामागे जाऊन उभी राहिली, लिबुशेच्या शेजारी. नेमबाज रांगेत आले. आणि आलोइसनं खिशातून काडतुसांचा खोका काढला.

खोका पिवळा पडलेला होता, कडांना तेलाचे डाग. ब्लाझेनाला तो लांबून ओळखू आला आणि ती एक पाऊल पुढे सरकली. आमच्या पिढीच्या माणसांची ही खोड. दुकानात काही मिळत नव्हतं त्या दिवसांत जे मिळालं ते तळघरात ठेवायचं, आणि चांगलं म्हणून ठेवायचं. चांगल्या बशा, चांगलं लोकरीचं कापड, चांगली काडतुसं. सणासाठी. आलोइसनं ती किती वर्षं लोणच्याच्या बरण्यांमागे जपली होती आणि आज काढली होती, कारण आज त्याला त्यांची गरज होती. ती काडतुसं लष्कराच्या साठ्यातली. त्यांच्या बुडाची टिकली टणक, ती फुटायला घोड्याचा दणका लागतो. आणि घोड्याच्या दणक्याचं ब्लाझेनानं काय केलं होतं ते तिलाच माहीत होतं. गिऱ्हाइकाचं बोट ती तपासत आली; काडतूस कुठलं घालणार हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं. टाइपरायटरात शाई कुठलीही चालते.

"काय झालं?" लिबुशे म्हणाली.

"गप्प."

भरायचा हुकूम झाला होता. त्यानंतर कुंपणाबाहेरच्या माणसानं तोंड उघडलं तर त्याचा संघ बाद. ब्लाझेनानं कुंपणाची तार धरली.

सगळीकडून धडधडाट झाला. आलोइसच्या जागी झालं, टक.

आणि त्या टक्‌बरोबर त्याची नळी अशी खाली गेली, जणू कुणी तिला दोरी बांधून हिसका दिला. गोळी सुटली असती तर धडाक्यात कुणाला काही दिसलं नसतं. सुटली नाही, म्हणून सगळ्यांना दिसलं. ह्रादेकवाल्यांपैकी कुणीतरी नाकातून हसलं. आलोइस नियमाप्रमाणे नळी समोर धरून थांबला, मग काडतूस काढून टाकलं. त्याची मान लाल झाली.

"न उडालेलं म्हणजे चुकलेलं," एव्झेन शांतपणे म्हणाला. "पुढे."

पुढची गोळी उडाली, आणि मातीत गेली. त्याच्या पुढे पुन्हा टक. नळी पुन्हा खाली, पण या वेळी आलोइस तिच्याकडे बघत होता. कुत्र्यानं अचानक नाव घेऊन हाक मारावी तसा तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. शेजारच्या जागेवर स्तिबोरला हसू आवरेना; त्याच्या खांद्यांचे धक्के कुंपणापर्यंत दिसत होते आणि त्याच्या गोळ्या वाट फुटेल तिकडे जात होत्या.

आलोइसनं पुन्हा नेम धरला. टक. नळी हलली नाही.

ब्लाझेनानं तार सोडली. तिला आता कळलं काय चाललंय ते. धडाका होणार हे नक्की असलं की माणूस आधीच अंग चोरतो. होईल की नाही हेच माहीत नसेल तर भ्यायचं कशाला आणि कधी? आलोइसला आता माहीत नव्हतं. पुढची उडाली, तेव्हा त्यालाच सगळ्यांत जास्त नवल वाटलं. गोळी काळ्याच्या मधोमध. तिच्या पुढचीही. मग एक टक, आणि त्याच्या पुढे तिसरी, पहिल्या दोघींना चिकटून.

"हा कोण?" लिबुशे कुजबुजली. "माझा नवरा?"

सामना ह्रादेकनं जिंकला. हंस त्यांच्या गाडीत गेला, वाइन अर्धी इथेच संपली. आलोइसची निम्मी काडतुसं उडालीच नव्हती, तरीही तो शेवटचा आला नाही. हसता हसता स्तिबोर त्याच्याही एका गुणानं खाली घसरला होता. एव्झेननं बेरीज परत करून दाखवली, मग घडी उलगडून बेडूक स्वतःच्या हातानं स्तिबोरच्या छातीवर नीट बसवला.

"ब्लाझेनाबाई," धुरात डोळे चोळत स्तिबोर म्हणाला, "हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"नाही."

"मग चुकलात?"

"हो. चुकले."

"माझं पण तेवढं चुकवून द्याल का?"

तिला हसू आलं नाही. तिच्या टेबलावरून गेलेल्या कळीनं आजवर एक अक्षर गाळलं नव्हतं, आणि आज सगळ्या जिल्ह्यासमोर निम्मी गाळली होती. ती सरळ आलोइसकडे गेली. तो खुर्चीत बसून सॉसेजला मोहरी लावत होता, राजासारखा.

"सोमवारी पिस्तूल घेऊन ये. घोड्याची जरा जड स्प्रिंग घालते."

"हात लावायचा नाही," आलोइस म्हणाला.

"अरे, निम्मी उडत नाहीत."

"निम्मी उडतात ना? आधी सगळी उडायची आणि एक लागायची नाही." त्यानं मोहरीचं बोट चाटलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "ब्लाझेना, तू विचारलं होतंस ना मला त्या दिवशी. आवाजाचं."

"विचारलं होतं."

"हो," आलोइस म्हणाला, आणि पुढचं सॉसेज मागितलं.

*

इथवर पुस्तकात जाईल. यापुढचं फक्त तुझ्यासाठी, ते मी स्तिबोरला दाखवणार नाही.

त्या दिवशी निघताना तू माझा हात धरलास आणि मुठीत सॉसेजच्या कागदाची पुडी कोंबलीस. म्हणालीस, "ही योग्य स्प्रिंग आहे, खिशातच होती. तो ऐकत नाही तर तू दे. जेवून खुशीत असेल तेव्हा दे, आणि माझ्याकडे पाठव. माझ्या नावाला बट्टा लागलाय." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवून तो खुशीत होता, पण गप्पांत राहिलं. पुढच्या शनिवारी तो सकाळीच क्लबात गेला. त्याच्या पुढच्याही. अजून जातो. त्याचा चाप अजून टकटक करतो, आणि आता ह्रादेकचे दोघे तिघे आपल्या मॅगझिनमध्ये मुद्दाम एखादं न उडणारं काडतूस मिसळून सराव करतात. हे तुला कुणी कळवलं नसेल.

पुडी माझ्या जुन्या चष्म्याच्या घरात आहे. तू ओलोमोउत्सला निघालीस त्या दिवशी ती माझ्या पर्समध्ये होती, आणि तू बसच्या खिडकीतून विचारलंसही, "दिलीस का गं?" मी म्हटलं, बस सुटतेय, नीट बस.

परवा आलोइसनं विचारलं, ब्लाझेनानं माझ्यासाठी काही ठेवलं होतं का. मी म्हटलं, आठवत नाही, आणि त्याला साडेबाराचं सूप वाढलं.

लिबुशे